‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ अर्ध्यावर बंद करणाऱ्या डेथ मेटलवाल्यांना खुलं पत्र

मित्रांनो,

डेथ मेटल, म्हणजे मेटलचा घोगऱ्या गळ्याचा, अतिशय जड प्रकार, वाजवणाऱ्या ब्लड इन्कँटेशन या अमेरिकन बँडचा ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ हा अल्बम ४ ऑक्टोबर २०२४ ला आला, आणि तेव्हापासून तुमच्यापैकी कुणीही भेटलं की एकच वाक्य ऐकू येतं : “अल्बम भारी आहे रे, पण हे डेथ मेटल नाही.” काहींनी तर पहिली रचनाही पुरी ऐकली नाही. सिंथ, म्हणजे इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड, सुरू झाला, पुढे ढकललं. ग्राउल, म्हणजे घशातून काढलेला खोल घोगरा आवाज, आलं, थांबले. परत सिंथ आला, बंद केलं. पिंक फ्लॉइडसारखा तरंगता रॉक ऐकावासा वाटला तर आम्ही पिंक फ्लॉइडच ऐकू, असंही एकाने सुनावलं.

परदेशातल्या बऱ्याच मासिकांनी आणि समीक्षकांनी २०२४ च्या याद्यांत या अल्बमला वरची जागा दिली. त्यामुळेच तुम्हाला संशय आला असेल तर तो मला समजतो. मेटल न ऐकणाऱ्यांनी एखादा मेटल अल्बम डोक्यावर घेतला की आपल्या पोटात गोळा येतोच. त्या याद्यांचं मला काही सांगायचं नाही. मला तुमच्या कानांची किंमत आहे. मॉर्बिड एंजलच्या ‘ऑल्टर्स ऑफ मॅडनेस’मधली एकेक रिफ, म्हणजे गिटारची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, तोंडपाठ असलेली माणसं तुम्ही. सफोकेशन बँड कुठला आणि इमोलेशन कुठला हे ड्रम्स सुरू व्हायच्या आत ओळखता. तुम्हीच हा अल्बम बाहेर काढून ठेवलात तर मला लागतं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

माझं म्हणणं साधं आहे. हा अल्बम पहिल्या मिनिटापासून शेवटच्या मिनिटापर्यंत डेथ मेटल आहे, सिंथसकट. त्यातली शांत मिनिटं कापून टाकलीत तर उरलेली मिनिटं जास्त कडक होणार नाहीत. ती मवाळ होतील.

आधी अल्बमची बांधणी बघा. यात दोनच रचना आहेत, ‘द स्टारगेट’ आणि ‘द मेसेज’. पहिली वीस मिनिटांची, दुसरी तेवीस मिनिटांच्या थोडी वर. प्रत्येकीचे तीन भाग, त्यांना टॅब्लेट (मातीची पाटी या अर्थाने) एक, दोन, तीन अशी नावं. एलपीवर एका बाजूला एक रचना आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. स्ट्रीमिंगवर मात्र हेच सहा सुटे तुकडे होऊन समोर येतात, आणि मला वाटतं अर्धा गैरसमज तिथेच होतो. कुणीतरी ‘स्टारगेट’चा दुसरा भाग एकटाच लावतो आणि विचारतो, यात मेटल कुठाय? मधलं प्रकरण फाडून वाचलं आणि कथा कळली नाही म्हणून तक्रार केली, तर लेखकाने काय करावं?

आता पहिल्या भागाकडे या. सुरुवातच अंगावर येते. वेडीवाकडी, बेसूर वाटणारी रिफ, खाली ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रम्सचा अखंड वेगवान मारा, वर गायक-गिटारवादक पॉल रीडलचा खोल गळा. थोड्याच वेळात हे सगळं खटकन थांबतं आणि खाली एक सैल, डोलणारा ठेका सुरू होतो. त्यावर गिटार अशी गाते की पिंक फ्लॉइडच्या डेव्हिड गिल्मोरची आठवण न येणं अवघड. हीच ती जागा जिथे तुमच्यातले बरेच जण वैतागले. आता एक करा. या जागी कोण नवा वाजवणारा आलाय हे शोधू नका. फक्त जेफ बॅरेटच्या बासकडे कान ठेवा. तो फ्रेटलेस, म्हणजे मानेवर पट्ट्या नसलेला, बास वाजवतो. ब्लास्ट बीट चालू असताना रिफच्या पोटात जो सुरांवरून घसरत फिरत होता, तोच बास शांत भागातही तसाच घसरत फिरतो. माणूस तोच, बोटं तीच, चाल तीच. आजूबाजूचा कोलाहल तेवढा उतरलाय. आणि मग मूळ चढाई परत येते तेव्हा कान अचूक समेवर आल्यासारखा सुखावतो, कारण मधल्या भागात ती जागा कुठे येणार हे आतून मोजणं चालूच होतं.

आयझॅक फॉकच्या ड्रम्सचंही तेच. वेगवान ड्रमर आपण पुष्कळ ऐकले. फॉक वेगवान आहेच, पण खरा जीव आहे तो त्याच्या वळणांत. ब्लास्ट बीटमधून सैल ठेक्यात उतरताना तो ब्रेक लावत नाही. टॉम्सवरून, म्हणजे सेटमधल्या छोट्यामोठ्या ड्रमवरून, असा फिरत येतो की वेग कधी गळून पडला ते कळत नाही. आजच्या कितीतरी टेक्निकल डेथ मेटल अल्बममध्ये बास ड्रमचा एकेक ठोका संगणकावर घासूनपुसून एकसारखा केलेला असतो. कान दहा मिनिटांत थकतो. इथे ठोके कमीजास्त जोराचे ऐकू येतात, हात कुठे हलका पडला, कुठे जोरात बसला ते कळतं. निर्माता आर्थर रिझ्क याला या गोष्टीचं श्रेय द्यायलाच हवं. या बँडला हे वेड आधीपासून आहे. ‘स्टारस्पॉन’ (२०१६) आणि ‘हिडन हिस्ट्री ऑफ द ह्युमन रेस’ (२०१९) हे दोन्ही अल्बम त्यांनी ॲनालॉग पद्धतीने, टेपवर रेकॉर्ड केले होते, ज्या काळात त्यांच्या वयाची बाकी मंडळी लॅपटॉपवर अल्बम बनवत होती.

आता तो वादाचा भाग, ‘स्टारगेट’चा दुसरा टॅब्लेट. इथे सिंथ वाजवायला थॉर्स्टन क्वेशनिंग आलाय. टँजरिन ड्रीम हा इलेक्ट्रॉनिक संगीताचा जर्मन बँड एडगर फ्रोजने १९६७ साली बर्लिनमध्ये सुरू केला, आणि २०१५ मध्ये फ्रोज गेल्यानंतर तो बँड पुढे नेणारा माणूस म्हणजे हा क्वेशनिंग. सत्तरच्या दशकात टँजरिन ड्रीमने जी पद्धत घडवली तिला पुढे बर्लिन स्कूल म्हणू लागले. सीक्वेन्सर या यंत्रावर थोड्याशा सुरांची एक साखळी लावायची आणि ती फिरत ठेवायची. वाजवणारा त्यात भर घालत बसत नाही. सुराची धार कमीजास्त करणारा फिल्टर हळूहळू उघडतो, बंद करतो, एखादा सूर वर ढकलतो, आणि तीच साखळी दर फेरीत वेगळी ऐकू येते. अल्बम रेकॉर्ड झाला तोही बर्लिनमध्येच, हान्सा स्टुडिओत, जुलै २०२३ मध्ये. बर्लिनची भिंत होती तेव्हा तिला जवळजवळ लागून असलेला हा स्टुडिओ. डेव्हिड बोवीचा ‘हीरोज’ १९७७ साली इथेच झाला, आणि टँजरिन ड्रीमनेही इथे काम केलंय. कोलोरॅडोतल्या डेन्व्हरची चार पोरं एवढ्या लांब, त्या संगीताच्या मूळ गावी गेली आणि त्या घराण्याच्या माणसालाच आपल्या रचनेत बसवून वाजवायला लावलं. याला दुकानातून सिंथ आणून गाण्याला चमक आणणं म्हणत नाहीत.

आणि आता कानाचं गणित सांगतो, कारण इथेच माझा सगळा जोर आहे. सीक्वेन्सरची तीच साखळी काही मिनिटं ऐकली की कान बारीक होतो. एवढासा बदलही मोठा वाटायला लागतो. या अवस्थेत असताना तिसरा टॅब्लेट कोसळतो. ‘स्टारगेट’मधला सगळ्यात निर्दय भाग तोच. पण आता तुमचा कान तयार झालेला असतो. एरवी जी रिफ नुसत्या घरघराटासारखी ऐकू आली असती तिचा एकेक सूर सुटा ऐकू येतो. ट्रेमोलो पिकिंगच्या, म्हणजे एकच तार भराभर छेडण्याच्या, आत चाल कुठे वळली ते कळतं. मॉरिस कोलोन्टिर्स्कीची गिटार आणि रीडलची गिटार एकमेकांपासून कधी फुटतात, कधी जुळतात ते कळतं. दुसरा टॅब्लेट ढकलून थेट तिसरा लावून बघा, आणि मग दोन्ही सलग लावून बघा. तिसऱ्यातली एकही नोट बदललेली नसते, तरी तो दुप्पट जोराने बसतो. हे काम सिंथने केलं. जे वाद्य डेथ मेटलला असं धारदार करतं ते डेथ मेटलचं वाद्य नाही, असं आपण कुठल्या तोंडाने म्हणायचं?

कीबोर्डचं बरंचसं काम स्वीडनच्या हेलास बँडचा निक्लस माल्मक्विस्ट याने केलंय. मेलोट्रॉन (टेपवरचे सूर वाजवणारा जुना कीबोर्ड), पियानो, सिंथ. त्याचं नाव फारसं कुणी घेत नाही. क्वेशनिंगच्या मोठ्या नावाखाली तो झाकला गेला याचं मला वाईट वाटतं, कारण क्वेशनिंग एका भागात आहे आणि माल्मक्विस्ट अल्बमभर विखुरलाय. ब्लास्ट बीटच्या मागे लांबवर जी एक फिकट पट्टी चालू असते ती त्याची.

‘द मेसेज’ ही रचना मला ‘स्टारगेट’पेक्षा जास्त आवडते, आणि तिच्याबद्दल बोललं जातं कमी. पहिला टॅब्लेट धावतो, वळतो, गिटारच्या सुरेल ओळी एकीवर एक चढतात. दुसऱ्यात रीडल ग्राउल सोडून साध्या गळ्याने गातो. इथे तुमची तक्रार मी अर्धी मान्य करतो. त्याचा साधा आवाज थोडा बारीक आहे, त्या अवाढव्य ध्वनीत जरासा हरवतो. कसलेला गायक असता तर तो भाग आणखी चढला असता. तरी मला तो दुसऱ्या कुणाकडून गाऊन घेतलेला नको होता. काही मिनिटांपूर्वी ज्या माणसाच्या गळ्यातून पाताळ बोलत होतं तोच माणूस इतक्या हळू आवाजात समोर उभा राहतो, यात काहीतरी धीट आहे. तिसरा टॅब्लेट अकरा मिनिटांहून मोठा. त्यात अल्बमभर जमवलेलं सगळं एकदम खर्च होतं. वेग, चाल, खोली, आणि सगळं संपल्यावर उरणारा अवकाश. डेथ मेटल म्हणून मला याहून जास्त काय हवंय ते मला सांगता येत नाही.

हे एका रात्रीत सुचलेलं नाही, हेही लक्षात घ्या. ‘स्टारस्पॉन’ची सुरुवातच तेरा मिनिटांच्या गाण्याने होते. ‘हिडन हिस्ट्री’मध्ये चारच गाणी, त्यातलं शेवटचं अठरा मिनिटांचं, आणि एका गाण्यात फिनलंडच्या डेमिलिच बँडचा अँट्टी बोमन पाहुणा. तो अल्बम तुम्ही सगळ्यांनी डोक्यावर घेतला होता, विसरलात का? मग २०२२ मध्ये ‘टाइमवेव्ह झिरो’ आला. त्यात ड्रम्स नाहीत, ग्राउल नाही, नुसतं अँबिएंट, म्हणजे ठेक्याविना वातावरण उभं करणारं संगीत. तेव्हा तुम्ही म्हणालात, ठीक आहे, हा वेगळा प्रयोग आहे, डेथ मेटलच्या फळीवर ठेवायचा नाही. म्हणजे एका अल्बममध्ये निव्वळ डेथ मेटल चाललं, दुसऱ्यात निव्वळ सिंथही चाललं. दोन्ही एका रचनेत एका श्वासात आले की मात्र धर्म बुडाला. बँड सरळ रेषेत चाललाय. दोन हात आधी वेगवेगळे घडवले आणि मग एकत्र वापरले. बँडनेच या अल्बमचं वर्णन करताना सत्तरच्या दशकातला प्रॉग, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचा रॉक, आणि नव्वदच्या दशकातला डेथ मेटल अशी दोन्ही नावं एका दमात घेतली होती. त्यांनी काही लपवलेलं नाही.

आणि नव्वदच्या दशकातला डेथ मेटल म्हणजे तरी काय होता? आपण त्या काळाचं नाव घेऊन सगळ्यांना फटकारतो, म्हणून जरा त्याच काळाकडे बघू. नॉक्टर्नस या बँडचा ‘द की’ १९९० चा. मॉर्बिड एंजलमधून बाहेर पडलेला माइक ब्राउनिंग ड्रम्स वाजवत गातो, आणि शेजारी पूर्ण वेळचा कीबोर्डवाला उभा. विषय विज्ञानकथेचा. मॉर्बिड एंजलच्या १९९१ च्या ‘ब्लेस्ड आर द सिक’मध्ये निव्वळ कीबोर्डचा तुकडा आहे, अकूस्टिक गिटारचा तुकडा आहे. डेथ या बँडचा ‘ह्युमन’ त्याच वर्षीचा, आणि त्यातलं ‘कॉस्मिक सी’ ऐका. त्या बँडच्या चक शुल्डिनरने अवकाशात तरंगत जाणारं वाद्यसंगीत डेथ मेटल अल्बमच्या आत ठेवलं ते १९९१ मध्येच. एज ऑफ सॅनिटीने १९९६ मध्ये ‘क्रिमसन’ नावाचा चाळीस मिनिटांचा एकच तुकडा अल्बम म्हणून दिला. हे सगळे आज आपल्या देव्हाऱ्यात आहेत.

पण तेव्हाच्या लोकांनी त्यांना कसं वागवलं? यातच मला भीती वाटते. पेस्टिलन्स हा डच बँड. ‘कन्झ्युमिंग इम्पल्स’मुळे (१९८९) सगळ्यांचा लाडका. १९९३ मध्ये त्यांनी ‘स्फिअर्स’ काढला, गिटार सिंथसाइझरला जोडल्या, जॅझकडे झुकले. चाहते भडकले. पुढच्याच वर्षी बँड संपला. सिनिक हा मायामीचा बँड. पॉल मासव्हिडाल आणि शॉन राइनर्ट या त्यांच्या दोघांनी ‘ह्युमन’वर वाजवलं होतं, म्हणजे डेथ मेटलच्या घरातलीच माणसं. १९९३ च्या ‘फोकस’मध्ये त्यांनी व्होकोडरमधून, म्हणजे आवाज यंत्रासारखा करणाऱ्या उपकरणातून, गाणारा आवाज आणि जॅझची वळणं आणली. डेथ मेटलच्या गर्दीसमोर त्यांना जे ऐकून घ्यावं लागलं ते काही चांगलं नव्हतं. १९९४ मध्ये तेही थांबले. पुढे दोन्ही बँड परत उभे राहिले, पण मधली दहा-पंधरा वर्षं गेली ती गेलीच. त्या काळात ते काय काय वाजवू शकले असते याचा हिशोब कुणी द्यायचा? शॉन राइनर्ट २०२० च्या जानेवारीत गेला, सिनिकचा बासवादक शॉन मॅलोन त्याच वर्षीच्या डिसेंबरात. ‘फोकस’ला आज आपण अभिजात म्हणतो. ते म्हणायला आपल्याला फार उशीर झाला.

ब्लड इन्कँटेशन तुमच्या नाराजीने बंद पडणार नाही हे मला माहीत आहे. सेंच्युरी मीडियासारखं मोठं लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी, पाठीशी आहे, श्रोते भरपूर आहेत. पण हा अल्बम ऐकून कुठल्या तरी गावात एखादी पोरगी किंवा पोरगा डेथ मेटलच्या रिफशेजारी काहीतरी वेगळंच वाजवून बघत असेल. त्यांच्यापर्यंत तुमचं “हे डेथ मेटल नाही” आधी पोहोचतं. आपल्याकडचंच घ्या. मुंबईच्या डेमॉनिक रेझरेक्शनने २०१७ मध्ये विष्णूच्या दशावतारांवर अख्खा अल्बम केला, त्यात सतार आली, तबला आला, बासरी आली. दुसरीकडे मुंबईचाच गटस्लिट. तो अस्सल ब्रूटल, म्हणजे सगळ्यात निर्दय प्रकारचं, डेथ मेटल वाजवतो, आणि मला तो तसाच हवाय, एक सिंथही नको. सगळ्यांनी अवकाशात जावं असं मी म्हणत नाहीये. कुणाला गटारात उतरायचंय, कुणाला तारकांत जायचंय, दोघांनाही घरातून हाकलू नका, एवढंच म्हणतोय.

आता विषयाबद्दल, कारण यावर मला बँडशीही थोडं भांडायचंय. ‘ॲब्सोल्यूट एल्सव्हेअर’ हे नाव एका जुन्या ब्रिटिश प्रॉग बँडचं. त्यांचा १९७६ चा अल्बम एरिक फॉन डॅनिकेनच्या कल्पनांवर बेतलेला होता आणि त्यावर ड्रम्स वाजवले होते बिल ब्रूफर्डने. म्हणजे डॅनिकेन इथे नावातच बसलाय. मराठी वाचकाला हा माणूस नवा नाही. प्राचीन काळी परग्रहावरून पाहुणे आले आणि त्यांनाच आपण देव समजलो, हे त्याचं म्हणणं मराठीत पुस्तकरूपाने घरोघरी पोहोचलं. वाचनालयातली ती पुस्तकं वाचून रात्री गच्चीवर आभाळाकडे बघत बसलेली एक पिढीच आहे. ब्लड इन्कँटेशनच्या शब्दांत, मुखपृष्ठांवर, टॅब्लेट या नावातही तेच जग आहे : मातीच्या पाट्या, विसरलेला इतिहास, माणसाच्या जाणिवेच्या पलीकडलं काहीतरी.

इतिहास म्हणून मला डॅनिकेन मुळीच पटत नाही, आणि पटत नाही म्हणूनच रागही येतो. वेरूळचं कैलास लेणं परग्रहवासीयांनी कोरलं असले व्हिडिओ आजही फिरतात. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, माणसांनी छिन्नी-हातोडीने डोंगर वरून खाली कोरत आणला. ती माणसं कोण होती हे आपल्याला नावानिशी ठाऊक नाही. त्यांच्या हातचं काम काढून ते उडत्या तबकडीला देणं मला अन्यायाचं वाटतं. या बँडने हा पसारा निव्वळ कल्पनेचा म्हणून वापरला तर माझं काही म्हणणं नाही. संगीतात तो तसाच काम करतो. कुठून आलो, कशासाठी आलो, आपल्याआधी इथे कोण होतं, हे प्रश्न एवढे प्रचंड आहेत की त्यांना एवढा प्रचंडच आवाज लागतो. डेथ मेटलने मृत्यूकडे इतकी वर्षं टक लावून पाहिलं. मृत्यूच्या पुढचं आणि जन्माच्या मागचं बघायला तो निघाला तर त्यात आश्चर्य काय? फक्त उद्या कुणी मला विचारलं की हे खरं आहे का, तर मी त्याला वेरूळला घेऊन जाईन आणि भिंतीवरचे छिन्नीचे घाव दाखवीन.

तुमच्यापैकी काहींनी असंही म्हटलं की हे सगळं फार विचार करून केलेलं वाटतं, त्यात रग नाही. यावर मला फक्त एवढंच विचारायचंय : रग म्हणजे काय? वेग? वेग यात हवा तेवढा आहे. राग? राग तर सगळीकडे स्वस्त झालाय. माझ्या लेखी डेथ मेटलची रग म्हणजे पूर्ण जाण्याची तयारी. अर्ध्यावर न थांबता, कुणाला आवडेल याचा हिशोब न करता, जिथे गाणं नेईल तिथपर्यंत जाणं. वीस मिनिटांच्या दोन रचना घेऊन, एका रीलमध्ये मावणार नाही अशा आकाराचं संगीत २०२४ मध्ये मोठ्या लेबलकडून काढून घेणं, याला रग लागते. या चौघांपैकी तिघे, रीडल, कोलोन्टिर्स्की आणि बॅरेट, स्पेक्ट्रल व्हॉइस या दुसऱ्या बँडमध्ये अंधाऱ्या विहिरीसारखा काळाकुट्ट डूम-डेथ, म्हणजे संथ, जड डेथ मेटल, वाजवतात. त्यांचा ‘स्पारागमॉस’ही २०२४ चाच. फॉक वेफेरर या मेटल बँडमध्ये वाजवतो. म्हणजे त्यांना जुन्या धाटणीचं जमत नाही म्हणून ते इकडे वळले असंही नाही.

एक विनंती, आणि ती अगदी व्यवहारातली आहे. हा अल्बम फोनच्या स्पीकरवर ऐकू नका. लोकलमध्ये, गाडीवर, जिममध्ये नको. शांत भाग तिथे बाहेरच्या आवाजात बुडतात, मग तुम्ही ते ढकलता, आणि मग माझ्याशी वाद घालता. बरे हेडफोन किंवा बरे स्पीकर, आणि जेमतेम पाऊण तास. ‘स्टारगेट’ संपला की थांबा, पाणी प्या, एलपी उलटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ जाऊ द्या, मग ‘मेसेज’. आवाज मोठा ठेवा. सुरुवातीला शांत भागांना आवाज कमी वाटेल म्हणून वाढवावासा वाटेल. वाढवू नका, पुढे काय येणार आहे ते मी वर सांगितलंय. शब्द समोर ठेवले तर आणखी चांगलं. आणि जमत असेल तर विकत घ्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांचं डेथ मेटल होस्टेलवर एका हार्ड डिस्कमधून दुसऱ्या हार्ड डिस्कमध्ये आलं. त्या दिवसांत पर्याय नव्हता. आता ज्यांना परवडतं त्यांनी तरी ज्यांचं वाजवलेलं ऐकतो त्यांना पैसे पोहोचवावेत.

एवढं करूनही नाही आवडला तर मला खुशाल सांगा. मात्र “हे डेथ मेटल नाही” असं मोघम नको. कुठला टॅब्लेट, कुठली रिफ, कितव्या मिनिटाला तुमचा धागा सुटला, ते नेमकं सांगा. मग त्या जागेवरून भांडू, आणि भांडताना ती जागा पुन्हा लावून ऐकू. मी ‘मेसेज’चा तिसरा टॅब्लेट घेऊन येतो, तुम्ही तुमच्याकडचं ‘स्फिअर्स’ घेऊन या.

तुमचाच,
पुण्यातला एक श्रोता